डायलचा जुना फोन फायबरच्या लाइनवर: घंटी वाजते, बोलता येतं, मग नंबर का लागत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातला आजोबांच्या वेळचा डायलचा फोन नव्या फायबर कनेक्शनच्या राउटरला जोडला. रिसीव्हर उचलला की डायल टोन येतो, बाहेरून कॉल आला की घंटी वाजते, दोन्हीकडचा आवाज स्वच्छ आहे. पण डायल फिरवली की काहीच होत नाही, डायल टोन कानात वाजतच राहतो. त्याच सॉकेटला बटणांचा फोन लावला की नंबर झटकन लागतो. मग बिघाड फोनमध्ये आहे की राउटरमध्ये? आणि डायल जाऊन बटणं आली ती केवळ सोय म्हणून आली असतील, तर जुना फोन चालू द्यायला काय हरकत होती?

तुमच्या वर्णनावरून दोन्हींत बिघाड नसावा. डायल टोन येतो म्हणजे जोडणी बरोबर आहे. घंटी वाजते म्हणजे घंटीची कॉइल आणि कपॅसिटर शाबूत आहेत. बोलणं स्वच्छ आहे म्हणजे माईक आणि रिसीव्हर चांगले आहेत. अडचण इतकीच, की नंबर कळवायची डायलची रीत वेगळी, बटणांची वेगळी, आणि तुमच्या राउटरला बहुधा बटणांचीच कळते. ‘बहुधा’ म्हणतो, कारण ते राउटरच्या मॉडेलवर, त्यातल्या सेटिंगवर आणि तुमच्या डायलच्या वेगावर अवलंबून आहे. घरच्या घरी कसं तपासायचं ते पुढे सांगतो. पण आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते कळलं की पहिल्याचं उत्तर सोपं होतं.

माझं सगळं काम टेलिफोनमधलं. आधी एक्स्चेंजमध्ये, म्हणजे सगळ्या घरांच्या लाइनी जिथे येऊन एकमेकींना जोडल्या जातात तिथे, मग घरोघरच्या लाइनींवर, आणि आता लोकांचे जुने फोन दुरुस्त करून देतो. या प्रश्नात सगळेजण फोनकडे बघतात, कारण बदल तिथे दिसला: गोल तबकडी गेली, बटणं आली. खरा बदल तारेच्या दुसऱ्या टोकाला झाला. नंबर कुणी मोजायचा, कुठे लक्षात ठेवायचा आणि तो कुठपर्यंत पोचू द्यायचा, हे तिथे बदललं.

डायल फिरवताना काय होतं ते बघा. सातच्या भोकात बोट घालून तबकडी अडसरापर्यंत ओढता, तेव्हा लाइनवर काहीही जात नाही. तुम्ही फक्त आतल्या स्प्रिंगला पीळ देत असता. बोट काढलं की तबकडी मागे येते आणि खरं काम त्या परतीच्या वाटेवर होतं. आत दोन पातळ पट्ट्यांचा एक संपर्क असतो. तबकडी परतताना तो सात वेळा उघडतो आणि मिटतो. उघडला की एक्स्चेंजकडून येणारा करंट तुटतो, मिटला की पुन्हा वाहू लागतो. या एका तुटण्या-जुळण्याला पल्स म्हणतात. मी ठोका म्हणतो. ठरलेला वेग सेकंदाला दहा ठोक्यांचा. म्हणजे एका ठोक्याला १०० मिलिसेकंद मिळतात, त्यातले ६० ते ६७ मिलिसेकंद लाइन तुटलेली असते आणि बाकीचा वेळ जोडलेली. हा वेग तुमच्या बोटाच्या जोरावर ठरत नाही. डायलच्या पोटात एक बारीक गव्हर्नर असतो. त्याची दोन छोटी वजनं फिरता फिरता बाहेर फाकतात आणि एका वाटीला आतून घासून वेग धरून ठेवतात. शिवाय तबकडी जागेवरून हलली की संपर्काची दुसरी एक जोडी रिसीव्हर शॉर्ट करून ठेवते, म्हणून ते ठोके तुमच्या कानावर आदळत नाहीत.

बहुतेक देशांत एकला एक ठोका, नवाला नऊ आणि शून्याला दहा. पण हे सगळीकडे सारखं नव्हतं. स्वीडनमध्ये शून्याला एक ठोका, एकला दोन, असं करत नवाला दहा. न्यूझीलंडच्या डायलवर आकडे उलटे होते: एकला नऊ ठोके, नवाला एक. म्हणून ब्रिटनमध्ये तातडीच्या मदतीचा नंबर ९९९ आणि न्यूझीलंडमध्ये १११ असला, तरी जुन्या एक्स्चेंजला दोन्हीकडून नऊ-नऊ-नऊ ठोकेच ऐकू जात. परदेशातून आणलेला फोन दुरुस्तीला आला की मी आधी तबकडीवरचे आकडे कुठल्या क्रमाने आहेत ते बघतो. संपर्क चकाचक असूनही नंबर चुकीचाच लागत असेल, तर हेही एक कारण असू शकतं.

आता हे ठोके जात कुठे होते? ॲलमन स्ट्रोजर या अमेरिकी माणसाला १८९१ मध्ये स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्त गावात त्याच्या पद्धतीचं पहिलं सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालं. या घराण्यातली एक्स्चेंजेस पुढे जगभर कित्येक दशकं चालली. मी अशा यंत्रांसमोर उभा राहून काम केलं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. एक उभा दांडा, त्याला जोडलेले छोटे संपर्क-हात, आणि समोर अर्धगोलात दहा मजल्यांवर दहा-दहा संपर्क, म्हणजे एकूण शंभर. घरातल्या माणसाने तीन फिरवला की त्याच क्षणी इकडे दांडा खट-खट-खट करत तीन मजले वर चढतो. पुढचा आकडा आठ फिरवला की तोच दांडा आठ पावलं आडवा वळतो आणि त्या मजल्यावरच्या आठव्या संपर्कावर थांबतो. नंबरमधले शेवटचे दोन आकडे अगदी असेच लागायचे. आधीच्या आकड्यांसाठी स्विच वर चढायची आणि मग त्या मजल्यावरचा रिकामा मार्ग आपणच शोधायची, पुढच्या स्विचपर्यंत. घरातलं बोट आणि एक्स्चेंजमधला दांडा यांच्यामध्ये कुणी मध्यस्थच नव्हता.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अशा एक्स्चेंजमध्ये तुमचा पूर्ण नंबर कुठेही लिहून ठेवलेला नसतो. प्रत्येक आकडा येतो, एक स्विच हलवतो आणि संपतो. त्यामुळे यंत्राला तुमच्या बोटाच्या गतीने चालावं लागतं, तुम्हाला यंत्राच्या. सगळे आकडे सारखे येतात असं धरलं तर दहा आकडी नंबरात सरासरी ५५ ठोके येतात. म्हणजे नुसत्या ठोक्यांचेच साडेपाच सेकंद. प्रत्येक आकड्याला तबकडी ओढण्याचा वेळ आणि दोन आकड्यांमधली थांबण्याची जागा वेगळी. एका माणसाला हे चालून जातं, पण एक्स्चेंजमध्ये तेवढा सगळा वेळ यंत्रं अडकून पडतात. १९४७ मध्ये उत्तर अमेरिकेत एरिया कोड ठरले तेव्हा न्यूयॉर्कला २१२ मिळाला, म्हणजे अवघे पाच ठोके. जिथे सर्वांत जास्त कॉल जाणार तिथला कोड डायलवर सर्वांत लवकर फिरावा, हा हिशेब त्यामागे होता.

बटणं डायलपेक्षा नवी, असंही समजू नका. स्ट्रोजरच्या अगदी सुरुवातीच्या फोनवर तबकडी नव्हतीच, कळा होत्या. हव्या त्या आकड्याइतक्या वेळा कळ दाबायची आणि मोजणी माणसानेच करायची. चुका भरपूर होत. १८९६ च्या सुमारास फिरती तबकडी आली ती मोजायचं काम माणसाच्या डोक्यातून काढून यंत्राकडे द्यायला. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आज डायलला मागासलेली समजतात. त्या काळी ती मोठी सुधारणा होती आणि तिने सत्तर वर्षं एकटीने काम निभावलं.

मग टोन आला, म्हणजे सुरांनी नंबर कळवायची रीत. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग इथे बटणांची सेवा ग्राहकांना दिली. या फोनमध्ये लाइन तोडायची नाही, आवाज पाठवायचा. प्रत्येक आडव्या ओळीला एक सूर: ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ. प्रत्येक उभ्या रांगेला एक: १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. पाच दाबला की ७७० आणि १३३६ असे दोन सूर एकदम जातात. एक का नाही, दोन का? कारण लाइनवर माणसाचं बोलणं, शिट्टी, खोलीतलं संगीत असं काहीही असू शकतं आणि एखादा सूर त्यात सहज सापडेल. दोन वेगळ्या गटांतले नेमके दोनच सूर एकाच वेळी, सारख्याच जोराने आणि पुरेसा वेळ टिकून येणं मात्र अवघड. आकडेही असे निवडले, की एक सूर दुसऱ्याच्या पटीत पडू नये. जुन्या बटणांच्या फोनवर करून बघा: एक आणि दोन ही बटणं एकदम दाबली तर नेहमीचा जाड, दुहेरी आवाज नाहीसा होतो आणि एकच स्वच्छ सूर उरतो. तो त्या ओळीचा ६९७ हर्ट्झचा.

चौथी उभी रांगही ठरलेली होती, १६३३ हर्ट्झची. अमेरिकी सैन्याच्या टेलिफोन जाळ्यात ती कॉलचा अग्रक्रम सांगायला वापरत. घरच्या फोनवर ती कधी आली नाही. स्टार आणि हॅश ही बटणंसुद्धा पहिल्या मॉडेलवर नव्हती, ती १९६८ मध्ये आली.

बटणं कशी मांडायची यावर बेल प्रयोगशाळेत बराच अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे जॉन कार्लिन हे मानसशास्त्रज्ञ होते; माणूस यंत्र कसं वापरतो याचा अभ्यास करणारा विभाग त्यांनी उभा केला. पाच-पाचच्या दोन ओळी, डायलसारखं वर्तुळ, बेरजेच्या यंत्रासारखी सात-आठ-नऊ वर असलेली मांडणी, अशा अनेक रचना माणसांच्या हाती देऊन वेग, चुका आणि पसंती मोजली. एक-दोन-तीन वर आणि शून्य खाली मधोमध, ही रचना त्यातून ठरली. लोकांनी सावकाश दाबावं म्हणून ही मांडणी मुद्दाम अवघड केली, असं पुष्कळदा ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. चांगल्या रचनांमध्ये वेगाचा फरक मुळात थोडाच होता. याच कार्लिनांची डायलच्या काळातली एक गोष्ट मला आवडते. नव्या फोनवर आकडे तबकडीच्या बाहेरच्या कडेला नेले, तर लोकांचा डायल करायचा वेग कमी झाला, कारण बोट घालायच्या भोकात नजरेला टेकायला काही उरलं नव्हतं. कार्लिनांनी प्रत्येक भोकामागे एक पांढरा ठिपका द्यायला सांगितलं आणि वेग परत आला. तुमच्या फोनवर तसे ठिपके आहेत का बघा.

इतकं सगळं असूनही डायलचे फोन पुढे कित्येक वर्षं घरोघरी राहिले. कारण पुन्हा एक्स्चेंज. स्ट्रोजरच्या दांड्याला सूर ऐकू येत नाही, त्याला ठोकेच लागतात. अशा एक्स्चेंजवर टोन चालवायचा तर पुढच्या बाजूला सूर ओळखणारी, आकडे साठवणारी आणि त्यांचे पुन्हा ठोके करणारी यंत्रणा बसवावी लागे. आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या जाळीने लाइनी जोडणाऱ्या क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये नंबर साठवणारं रजिस्टर आधीपासून होतं, तिथे हे जरा सोपं गेलं. संगणकाच्या हुकमावर चालणारी एक्स्चेंजेस आली तेव्हा अडचणच उरली नाही. न्यू जर्सीतल्या सकासना इथे १९६५ मध्ये बेलचं असं पहिलं मोठं एक्स्चेंज सुरू झालं. पण एक्स्चेंज हे फोनसारखं दर दहा वर्षांनी बदलायचं सामान नव्हे. जिथे जुनं धडधाकट चालत होतं तिथे ते चालत राहिलं, आणि त्यावर लागलेल्या घरांत डायलही राहिली.

मधल्या काळात फसवणारी एक जात बाजारात आली: बटणांचा फोन, पण आतून ठोके देणारा. १९७० च्या दशकात स्वस्त चिप मिळू लागल्यावर हे शक्य झालं. तुम्ही भराभर दहा बटणं दाबायची, चिप ते आकडे लक्षात ठेवायची आणि मग आपल्या सवडीने सेकंदाला दहा या चालीने ठोके देत बसायची. दाबून झालं तरी कानात कितीतरी वेळ टक-टक-टक चालूच. शेवटचा नंबर पुन्हा लावायचं बटण घरोघरी पोचलं ते अशा साठवणाऱ्या चिपमुळे. म्हणून ‘बटणांचा फोन म्हणजे टोनचा फोन’ हे गृहीत धरू नका. फोनच्या बुडाला किंवा कडेला टी (टोन) आणि पी (पल्स) अशी खूण असलेली छोटी सरकपट्टी असेल, तर तो दोन्ही जाणतो.

टोनचा सर्वांत मोठा फायदा वेगाचा नाही, असं माझं मत आहे. ठोका म्हणजे तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंतच्या तारेतला करंट तुटणं. तो एक्स्चेंजला संपतो. पुढे कधीच जात नाही. सूर मात्र आवाजच आहे. जिथवर तुमचं बोलणं पोचतं तिथवर तोही पोचतो, जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. त्यामुळे कॉल लागल्यावरही बटणांना काम उरलं: बँकेच्या यंत्राला खाते क्रमांक देणं, ठेवलेला निरोप ऐकणं, ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’. डायलच्या माणसाला या दारातून आत जाताच येत नव्हतं. माझ्या मते डायल घरातून शेवटी गेली ती यामुळे. बोट दुखतं म्हणून नव्हे.

म्हणजे हरकत कुणाची नव्हती. ठोके मोजणारा कुणीतरी तारेच्या टोकाला लागतो, तो असेल तर तुमची डायल आजही चालेल. आणि आज तुमचं एक्स्चेंज रस्त्यापलीकडच्या इमारतीत नाही, तुमच्या राउटरमध्ये आहे. डायल टोन तोच तयार करतो, घंटीचा दाब तोच देतो, आकडेही तोच ओळखतो. त्याच्या निर्मात्याने ठोके मोजायची सोय ठेवली असेल तर उत्तम. बरेच जण ठेवत नाहीत, कारण आता ते कुणी मागत नाही.

तपासायला सुरुवात अशी करा. टी आणि पी ची सरकपट्टी असलेला बटणांचा एखादा फोन कुणाकडून मागून आणा, पी वर ठेवा आणि त्याच सॉकेटमधून नंबर लावून बघा. नंबर लागला तर राउटरला ठोके कळतात आणि दोष तुमच्या डायलमध्ये आहे. नाही लागला तर राउटर फक्त टोनचा आहे, किंवा ती सोय बंद आहे. एवढ्याने निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं.

तसा फोन मिळाला नाही, तर रिसीव्हर उचलून डायल टोन आला की रिसीव्हर ठेवल्यावर दाबलं जाणारं हुकाचं बटण एकसारख्या लयीत भराभर पाच वेळा टिचकवा. जास्त वेळ दाबून ठेवू नका, नाहीतर राउटर त्याला फोन ठेवला असं समजेल. डायल करते तेच काम तुम्ही हाताने करत आहात. टिचकवल्यावर डायल टोन थांबला आणि डायल फिरवल्यावर थांबत नाही, तर संशय डायलच्या संपर्कांवर घ्या. दोन्ही वेळा टोन तसाच राहिला तर राउटर ठोके जाणत नाही असं धरायला हरकत नाही. हाताची लय कच्ची असते, म्हणून ही चाचणी मी पहिलीइतकी पक्की मानत नाही. तुमच्याकडे डायल फिरवल्यावर डायल टोन अजिबात तुटत नाही, म्हणून माझा कल राउटरकडे आहे. टोन तुटून चुकीचा नंबर लागला असता, तर मी आधी डायलचा वेग बघायला सांगितलं असतं.

राउटरच टोनचा निघाला तर आधी त्याच्या सेटिंगमध्ये पल्स डायलिंग नावाचं काही आहे का बघा. कधी कधी सोय असते, फक्त बंद असते. सेटिंग तुमच्या हातात नसेल तर सेवा देणाऱ्याला नेमकं एवढंच विचारा. नसेल, तर ठोक्यांचे सूर करून देणारं कन्व्हर्टर मिळतं. ते फोन आणि राउटर यांच्या मध्ये बसतं, डायलचे ठोके मोजतं आणि पुढे टोन पाठवतं. फोनच्या पोटात बसणारी त्याची छोटी सर्किटची पाटीही मिळते. शक्य तिथे मी बाहेरचं सुचवतो, कारण त्यात जुन्या फोनची एकही वायर हलवावी लागत नाही. घेण्याआधी तुमच्या राउटरच्या लाइनवर त्याला पुरेसा करंट मिळतो का, याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्या. काही कन्व्हर्टर लाइनच्याच विजेवर चालतात आणि राउटरची लाइन एक्स्चेंजच्या लाइनपेक्षा अशक्त असते. फोन इंटरनेटवरून चालवणारा आणि ठोके जाणणारा वेगळा ॲडॅप्टर घेणं हाही एक मार्ग आहे, मात्र फोनसेवेचा लॉगिन तपशील तुम्हाला मिळणार असेल तरच. आणि काहीच विकत घ्यायचं नसेल तर बटणांचा फोन त्याच लाइनवर शेजारी ठेवा, नंबर त्यावरून लावा आणि बोला जुन्यावर.

डायल काढून तिथे बटणांची पाटी बसवून द्या, अशी मागणीही कधी कधी येते. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका असं मनापासून सांगतो. चालू डायल एकदा कापली की परत मिळणं कठीण, आणि तिच्यावाचून त्या फोनला अर्थ नाही.

राउटर ठोके जाणतो असं निघालं तर मात्र डायलकडे वळू. बरीच वर्षं पडून असलेल्या फोनमध्ये जुनं तेल चिकट होऊन बसतं आणि तबकडी रेंगाळते. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत शून्य फिरवा. बोट सोडल्यापासून तबकडी थांबेपर्यंत एक ते सव्वा सेकंद लागला तर ठीक. दीड-दोन सेकंद लागले, किंवा परत येताना मध्येच अडखळल्याचा आवाज आला, तर सफाई हवी. उघडण्याआधी फोन लाइनवरून काढा. घंटीच्या वेळी तारेवर ७५ ते ९० व्होल्टपर्यंत ए.सी. दाब येऊ शकतो आणि त्याचा झटका चांगलाच बसतो. ठोक्यांच्या संपर्कांमध्ये कोऱ्या, गुळगुळीत कागदाची पट्टी धरून हलकेच ओढा. पॉलिश पेपर अजिबात नको, तो संपर्कांवरचा मुलामाच खाऊन टाकतो. घड्याळाच्या तेलाचा सुईच्या टोकाएवढा थेंब फक्त आसांच्या टोकांना द्या. गव्हर्नरच्या वाटीत तेल गेलं तर घर्षण जातं, तबकडी सुसाट परत येते आणि ठोके इतके जवळ येतात की मोजणारा चुकतो. सवयीचीही एक गोष्ट आहे: घाईत लोक बोटाने तबकडी मागे ढकलतात. त्यानेही ठोक्यांची लय बिघडते. ती आपली आपण येऊ द्यायची.

घंटी तुमची वाजते आहे, म्हणून त्यावर फार बोलत नाही. फक्त त्याच राउटरवर दोन-तीन फोन एकत्र लावणार असाल तर लक्षात ठेवा, की लोखंडी घंटीला इलेक्ट्रॉनिक घंटीपेक्षा बरीच जास्त ताकद लागते आणि ती सर्वांत आधी मंदावते. एक फोन काढून बघा, आवाज परत येईल. आणि घरात जुनी टेलिफोनची वायरिंग असेल, तर ती बाहेरच्या तांब्याच्या लाइनपासून पूर्ण तोडल्याशिवाय राउटर तिला जोडू नका. दोन्हीकडचा दाब समोरासमोर आला तर राउटरचं पोर्ट जळतं.

कन्व्हर्टर घेणार असाल तर त्यात स्टार आणि हॅश पाठवायची सोय आहे का तेही विचारून घ्या. काहींमध्ये एखादा आकडा फिरवून थोडा वेळ धरून ठेवला की ते जातात. नाहीतर कॉल लागेल, पण समोरच्या यंत्राने हॅश दाबायला सांगितलं की तुम्ही तिथेच अडकाल. आधी पी वरची चाचणी करा आणि राउटरच्या तळाशी छापलेल्या मॉडेलच्या नावासकट निकाल कळवा. पुढे काय घ्यायचं, की काहीच घ्यायला नको, हे त्यावरून नेमकं सांगता येईल.